हातगुण

गल्लीच्या टोकाला, औषधांच्या दुकानाला लागून, लहान मुलांचा दवाखाना आहे. आत शिरलं की डावीकडे बाकं, समोर मोठ्या डॉक्टरांची खोली, आणि उजवीकडे एक छोटी खोली. तिच्या दारातच पोरं भोकाड पसरतात. ती खोली सुईमावशीची. लस टोचणं हे तिचं काम, आणि ते तिने इतकी वर्षं केलं की त्या खोलीत रडलेली पोरं पुढे आपापली पोरं घेऊन तिथेच आली. हाताखाली चार माणसं वागवणारे, मिशीवाले बाप्ये अजूनही ती समोरून येताना दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जातात. विचारलं तर म्हणतात, तिकडे सावली आहे.

पण भीती निराळी आणि भरवसा निराळा. लसीचा दिवस आला की त्याच बाप्यांना तीच हवी असे. मावशीच्या हाताला गुण आहे, असं गल्लीतल्या बायका म्हणत. तिने टोचलं की ताप येत नाही, आला तर टिकत नाही, मांडीला गाठ धरत नाही. यातलं अर्धंअधिक खोटं होतं, आणि ते तिला सर्वांत आधी ठाऊक होतं. ज्याला ताप यायचा त्याला तो येतोच. पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? आणि तोंड कौतुक करत असलं तर ते धरायला कुणाचाही हात लवकर पुढे होत नाही.

तिची मात्र एक रीत होती. दुखणार नाही, असं ती मुलांना कधी सांगत नसे. दुखेल, म्हणायची, पण फुकट नाही. आधी तू मला चिमटा काढ, मग मी टोचते, म्हणजे फिटंफाट. आणि बाही सारून हात पुढे करायची. काही पोरं लाजत-लाजत काढत, काही मागच्या वेळचं उट्टंही त्यातच काढून घेत. तिच्या डाव्या हातावर कायम दोन-चार निळे डाग असत. नवरा म्हणायचा, हिचा हात कुणी पाहिला तर लोक मला पोलिसात देतील.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. शहरातल्या उंच-उंच इमारतींच्या लिफ्ट त्याच्या जिवावर वरखाली होत, आणि स्वतः मात्र तो बिनलिफ्टच्या घरात, पहिल्या मजल्यावर राहायचा. माणूस संशयी, ज्या दोराला आपण वंगण घातलं नाही त्या दोरावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान. बायकोवर मात्र त्याचा विश्वास होता, आणि बायकोला खूश ठेवण्यासाठी तो बातम्यांना थोडं वंगण घालत असे.

दुखणं आलं ते असं चोरपावलांनी आलं की कुणाला चाहूल लागली नाही. लसींच्या फ्रिजमधून बाटली काढताना तिची बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी. तिने फ्रिजला दोष दिला. बोटातली अंगठी निघेना, तेव्हा वयाला दोष दिला. मग चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या. कपाळ गुळगुळीत, गाल ताणलेले. बायका विचारू लागल्या, मावशी, कसलं क्रीम लावता, आम्हालाही सांगा की. तिने चार दिवस आरशात जरा जास्त वेळ पाहिलंही. रोग माणसाला आधी सुंदर करून मग गाठतो, हे तिला तरी कुठे माहीत होतं?

ते उघडकीला आणलं एका पाच वर्षांच्या पोरीने. नेहमीप्रमाणे मावशीने हात पुढे केला. पोरीने दोन बोटांनी कातडी धरायचा प्रयत्न केला, परत केला, मग दोन्ही हातांनी केला. "मावशी, तुझा चिमटा येतच नाही," ती म्हणाली. "तू प्लॅस्टिकची आहेस का?" पोरीची आई हसली, मावशीही हसली, आणि सुई टोचून झाली. खोली रिकामी झाल्यावर तिने दार लोटलं आणि स्वतःच स्वतःला चिमटा काढून पाहिला. कातडी हाडाला चिकटल्यासारखी होती, उचलली जातच नव्हती.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, ते लांबलचक होतं. अर्थ एवढाच की शरीराची राखण करणारी जी फौज असते ती शरीरावरच उलटली आहे. कातडी कडक होत चालली आहे, आणि हे कातडीपाशी थांबेलच असं नाही. कुंपणानेच शेत खावं, तसला प्रकार. मावशीला ते समजायला वेळ लागला नाही. जन्मभर ती आयांना सांगत आली होती की लस म्हणजे या फौजेची शाळा. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, ज्यांना आयुष्यभर शिकवलं तेच माझ्या अंगावर आले, असल्या शाळेवर काय बोलायचं.

गोळ्या सुरू झाल्या, वाढल्या, बदलल्या. वर्ष गेलं. बोटं पंज्यासारखी आत वळू लागली. ब्लाउजचं हूक लागेना, किल्ली फिरेना. तरी ती खोली सोडेना. या दरम्यान तिच्या एकुलत्या एका लेकीला मुलगा झाला. नातवाच्या पहिल्या काही लसी तिनेच टोचल्या, पण सिरिंज दोन्ही हातांत धरून, जीभ दातांखाली दाबून. लेक बघत होती. ती घरी जाऊन रडली. मग एक दिवस दवाखान्यापासून घरापर्यंत येताना मावशीला मध्ये दोनदा थांबावं लागलं, आणि पहिल्या मजल्याचा जिना तिला डोंगरासारखा वाटला. तपासण्यांत कळलं की फुप्फुसंही आखडायला लागली आहेत.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दुसरा रस्ता दाखवला. मावशीच्याच रक्तातून मूळपेशी काढून घ्यायच्या, ज्यांच्यापासून ही सगळी फौज तयार होते त्या. त्या गोठवून ठेवायच्या. मग जबरदस्त औषधं देऊन अंगातली बिघडलेली फौज पार मोडून काढायची, आणि त्या ठेवलेल्या पेशी परत अंगात सोडायच्या. त्यांच्यापासून नवी फौज उभी राहते, आणि पुष्कळ वेळा जुनं वैर विसरलेली असते. नेहमीच विसरते असं नाही. आणि या सगळ्यातून काही माणसं परत येत नाहीत, हेही त्यांनी सरळ सांगितलं.

नवरा म्हणाला, हे तर रोगापेक्षा इलाज भयंकर झालं. मग त्याने आपल्या धंद्यातला प्रश्न विचारला. जुना दोर काढला आणि नवा अजून बसवला नाही, त्या मधल्या वेळात लिफ्ट कशावर टांगून ठेवता? बाई म्हणाल्या, कशावरच नाही. म्हणून तर बंद खोलीत ठेवतो, बाहेरचा जंतू आत येऊ देत नाही. त्या रात्री तो जेवला नाही.

मावशीला मात्र एवढंच विचारायचं होतं की बोटं सुटतील का. डॉक्टरीणबाईंच्या मनात फुप्फुसं होती आणि हिच्या मनात सिरिंज. कातडी बहुधा मऊ होईल, बाई म्हणाल्या, पण वळलेली बोटं किती सरळ होतील ते सांगता येणार नाही. तेवढं 'बहुधा' तिला पुरलं. ज्याचं जळतं त्याला कळतं; त्या छोट्या खोलीशिवाय आपण कोण, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते शोधत बसायची तिची तयारीही नव्हती. ती परत त्या खोलीत जाणार होती, त्यासाठी मरायची जोखीम घ्यायलाही ती तयार होती.

निघताना बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. जुनी फौज गेली की तिची आठवणही बरीचशी जाते. लहानपणीच्या सगळ्या लसी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतील. सहाएक महिन्यांनी सुरुवात करता येईल. पण गोवराच्या लसीत जिवंत जंतू असतात, त्यामुळे ती दोन वर्षं तरी नाही. तोवर काय, असं नवऱ्याने विचारलं. तोवर आजूबाजूच्यांनी घेतलेल्या लसी हीच यांची भिंत, बाई म्हणाल्या. यावर मावशी पहिल्यांदाच मनापासून हसली. माझी भिंत पक्की आहे, ती म्हणाली, विटा मीच रचल्यात. आमच्या गल्लीत एक पोर सुटलेलं नाही.

आणि ते खरं होतं. ती बोलली त्या दिवशी ते अगदी खरं होतं.

बंद खोलीला दोन दारं होती. एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नसे. खिडकीतून पार्किंग दिसायचं, पण खिडकी उघडत नव्हती. छतातून गाळलेली हवा येई, तिचा आवाज चोवीस तास. औषधांनी केस गेले, तोंड सोललं, पाण्याचा घोटही खरखरीत लागायचा. ज्या दिवशी पेशी परत द्यायच्या त्या दिवशी तिला वाटलं होतं काहीतरी मोठं घडेल. नर्स एक छोटीशी पिशवी घेऊन आली. सलाइनसारखी टांगली, थोड्या वेळात संपली, आणि खोलीभर उकडलेल्या मक्यासारखा वास सुटला. गोठवताना वापरतात त्या औषधाचा. एवढंच, मावशीने विचारलं. एवढंच, नर्स म्हणाली. मग नवी फौज उगवायची वाट बघणं सुरू झालं. रोज रक्त काढायचं, रोज आकडा शून्याच्या आसपास.

नवरा काचेच्या पलीकडे उभा राहून फोनवर बोलायचा. बोलायला त्याच्याकडे फार काही नसायचं. लिफ्टच्या गोष्टी दोन दिवसांत संपल्या. मग त्याने गल्लीतल्या बातम्या आणायला सुरुवात केली. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या जागी एक नवी मुलगी आणली होती, नुकती शिकून आलेली. बायका तिच्याकडे बघून नाकं मुरडत होत्या. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणत होत्या. "तुझ्याशिवाय कुणी पोरांना हात लावू देत नाही," नवऱ्याने सांगितलं. "सगळ्या म्हणतात, मावशी येईपर्यंत थांबू."

मावशी काचेच्या अलीकडे रडली. आनंदाने रडली. त्या महिन्यात जे काही तिच्या पोटात टिकलं त्यात हे एक वाक्य होतं. नवऱ्याने पाहिलं की हे औषध लागू पडतंय, आणि रोज थोडं-थोडं वाढवून देऊ लागला. अमकी परत गेली, तमकी दारातून वळली, कुणी नव्या मुलीला तोंडावर सांगितलं की आम्ही थांबू. मावशी ते ऐकत राही आणि गादीवर जरा ताठ बसे. ज्या बाईने उभा जन्म आयांना सांगितलं की लस चुकवू नका, सर्दी असली तरी आणा, उशीर नको, तिला या बातमीचा अर्थ काय होतो हे एकदाही सुचलं नाही. कौतुक कानात शिरलं की पुढचं ऐकू येत नाही म्हणतात, ते उगीच नाही.

आकडा वर आला. ती घरी आली. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, घरात उकळलेलं पाणी आणि सोललेली फळं. नवऱ्याने घर इतकं घासलं की दारांचा रंग निघाला. आणि हळूहळू, इतकं हळू की आधी कुणाचा विश्वासच बसेना, कातडी सैल पडू लागली. आधी कपाळाला एक आठी पडली. तिने ती नवऱ्याला बोलावून दाखवली, तो म्हणाला, वा, म्हातारी व्हायला लागलीस. मग तिला स्वतःचा कंगवा धरता आला. जिना एका दमात जमू लागला. तपासणीला गेली की डॉक्टरीणबाई तिच्या हाताची कातडी बोटांत उचलून बघत आणि प्रत्येक वेळी खूश होत. बोटं अर्धी सरळ झाली होती. ती रोज रिकामी सिरिंज हातात घेऊन दट्ट्या ओढायचा सराव करायची. एखाद्या वेळी ओढला जाई, पुष्कळदा निसटे.

लेक नातवाला घेऊन येऊ लागली. तो आता धावत होता, म्हणजे धावत-धावत पडत होता. त्या दुपारीही दोघं आलेली होती, लेक जमिनीवर बसून त्याचं नाक पुसत होती, आणि दवाखान्यातून नवीचा फोन आला.

नवी तिच्याशी नेहमी दबकून बोलायची. मागच्या रस्त्यावरच्या बालवाडीत गोवर निघाला आहे, ती म्हणाली, दोन मुलं पक्की आहेत, तुम्ही घराबाहेर पडू नका. मावशीने तिला धीर दिला. गल्लीत काही भीती नाही, आपली पोरं सगळी टोचलेली आहेत.  मग नवी म्हणाली, तुम्ही रागावणार नसाल तर एक सांगते. आणि तिने सांगितलं. वर्षाच्या आसपासची बहुतेक पोरं राहिली आहेत. ती फोन करते, बायका गोड बोलतात, पुढच्या आठवड्यात म्हणतात. मोठे डॉक्टर ओरडले तर त्यांच्यासमोर माना हलवतात आणि घरी जातात. सगळ्या मावशींची वाट बघताहेत.

मावशीने फोन खाली ठेवला.  तिने लेकीकडे पाहिलं.

"याची गोवराची लस झाली ना?"

लेक नाक पुसत राहिली. पुसण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

"मी तुला विचारतेय."

"तू हॉस्पिटलात होतीस," लेक म्हणाली. "मला वाटलं, तू येशील. जगातल्या सगळ्या पोरांना तू टोचलंस, आई. माझ्याच पोराला दुसरीकडून कशी टोचून घेऊ?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मावशीला आधी संताप आला, आणि तो लेकीवर निघणार तेवढ्यात तिला काचेपलीकडचा नवरा आठवला, आणि आपण काचेअलीकडे किती सुखाने रडलो तेही.  लेकीने तेच केलं होतं जे ऐकून ती महिनाभर जगली होती.

पुढचं विचारल्यावर कळलं की नातू कालच शेजारच्या पोरांबरोबर खेळला होता, आणि त्यातलं एक त्या बालवाडीतलं. आता रडायला वेळ नव्हता. लागण झाली असली तरी लगेच टोचलं तर लस बहुधा तिच्या पुढे धावते, हे मावशी झोपेतही सांगू शकली असती. तिने लेकीला उठवलं. आत्ताच्या आत्ता जा, नवीकडे जा, आणि तुझ्या मैत्रिणींनाही सांग. लेक पोराला काखेत मारून निघाली. नवऱ्याने रुग्णालयात फोन केला, आणि संध्याकाळच्या आत मावशी पुन्हा त्याच इमारतीत एका पलंगावर होती. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली तयार रक्षकद्रव्यं नळीतून तिच्या अंगात चालली होती. उसनी फौज. ती काही आठवडे टिकते, जन्मभर नाही.

नवरा शेजारी बसला होता. तो म्हणाला, "मला वाटलं, ऐकून तुला बरं वाटेल."

"बरं वाटलं ना," मावशी म्हणाली. "तीच तर चूक झाली. तुमची एकट्याची नाही."

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर तिने नवऱ्याला कामाला लावलं. लहान पोर असलेल्या प्रत्येक घराची कडी वाजवायची आणि सांगायचं की मावशी खिडकीत येणार आहे, पोरांना घरी ठेवून खाली या. तो माणूस आयुष्यात कुणाच्या दारात न बोलावता गेला नव्हता. त्या दिवशी गेला. इमारतीच्या मागे सायकली लावायची जागा आहे, तिथे बायका जमल्या. त्यांना वाटलं, मावशी बरी झाली, आता कामावर येणार. खिडकी उघडली तेव्हा खालून टाळ्या वाजल्या. रुमाल आणि मास्क यांच्यामध्ये तिचे नुसते डोळेच दिसत होते.

तिने आधी बालवाडीतलं सांगितलं, ते बऱ्याच जणींना ठाऊक होतं. मग सांगितलं की पोरं आजच नवीकडे न्या. खाली चुळबुळ झाली. एक जण म्हणाली, नवीचा हात जड आहे, पोरं काळीनिळी होतात. दुसरी म्हणाली, इतकं थांबलो, आता तुम्ही बऱ्या झालातच, चार दिवस आणखी. तुमच्या हाताला गुण आहे, मावशी, तो सगळ्यांच्या हाताला नसतो.

मावशीने उजवा हात खिडकीबाहेर काढला. अर्धवट वळलेली बोटं, नखांशी पांढऱ्या झालेल्या जागा. तो तिने कुणाला दाखवला नव्हता. घरात पाहुणं आलं की ती हात पदराखाली घ्यायची.

"गुण बाटलीत असतो," ती म्हणाली. "या हातात असता तर हा हात असा झाला असता का?"

 तिचा दम पुरत नव्हता, म्हणून ती थांबून-थांबून बोलली. हा हात सुई धरेल की नाही हे डॉक्टरांनाही माहीत नाही. ज्याची तुम्ही वाट बघताय तो कदाचित येणारच नाही. तोवर तुमची पोरं उघडी आहेत. आणि मीही उघडी आहे. माझ्या अंगात आता लहानपणीची एकही लस शिल्लक धरता येत नाही, तुमच्या पोरांइतकीही मी टोचलेली नाही. तुमच्यातल्या एखाद्या पोराला गोवर झाला आणि तो या जिन्याने वर आला तर मी वाचेन असं सांगता येत नाही. हे सगळं तिने रागावून नाही सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुम्ही थांबलात हे मला कळलं होतं. मला ते आवडलं होतं. तेव्हाच ओरडायला हवं होतं."

खिडकी बंद करून ती पलंगावर पडली आणि भिंतीकडे तोंड करून खूप वेळ रडली. मरणाची भीती तिला बंद खोलीतही वाटली होती. हे तसलं रडणं नव्हतं. आपण परत जाणार नाही, हे तिने आज पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं होतं, आणि तेही सगळ्या गल्लीसमोर.

त्यानंतरचे दिवस थर्मामीटरने खाल्ले. नातवाला एकदा ताप चढला, लेक रात्रभर त्याच्या पोटावर पुरळ शोधत बसली, पण तो लसीचाच ताप निघाला आणि उतरला. मावशी रोज आरशासमोर जीभ काढून, गालांच्या आत डोकावून बघायची. गोवर आधी तिथे दिसतो. काही दिसलं नाही. बालवाडी बंद झाली, उघडली. गल्लीत एकाच घरात गोवर शिरला, आणि ते पोरही वाचलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की आता धोका टळला असं म्हणायला हरकत नाही. नवऱ्याने फोन ठेवून लिफ्टची पिशवी उचलली आणि बऱ्याच दिवसांनी शीळ घालत कामावर गेला.

मग नवी आली. मावशीच्या स्वतःच्या लसींची वेळ झाली होती, ज्या चालतात त्या. दवाखान्याच्या गर्दीत तिला बोलावणं बरं नव्हतं, म्हणून नवीच थंड डबा घेऊन घरी आली. हात धुताना ती तीनदा साबण लावत होती. जिच्या खोलीत आपण बसतो तिलाच टोचायचं, म्हणजे थट्टा नव्हे. मावशी खुर्चीवर बसली, बाही सारली आणि तिने मान वळवली. नवीने सुई जरा चुकीच्या बेताने धरली आहे हे तिला न बघता कळलं, कारण वाट फार पाहावी लागली. तिने मान तशीच वळवून ठेवली. दुखलं, आणि चांगलंच दुखलं.

कापूस दाबून धरत नवी बोलायला लागली. सगळी पोरं आली, मावशी. त्या दिवशीच रांग लागली, मोठे डॉक्टर स्वतः बाकं लावत होते. उरलेली दुसऱ्या दिवशी आली. एकही राहिलं नाही. मग ती जरा लाजली. सांगू की नको, असं तिचं झालं होतं.

"काल एक जण म्हणत होती," ती म्हणाली, "की माझ्या हातालाही गुण आहे. त्यांच्या पोराला तापच आला नाही म्हणे. मी म्हटलं, तसं काही नसतं. त्या ऐकतच नाहीत."

मावशीच्या काळजात एक कळ गेली. ती खोटी नव्हती आणि लहानही नव्हती. इतक्या लवकर, असं तिच्या मनात आलं. निदान हिवाळा तरी जाऊ द्यायचा होतात. मग तिने त्या मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसू दाबत होती, आणि तिला ते दाबता येत नव्हतं. हे हसू मावशीच्या चांगलंच ओळखीचं होतं.

"ऐकणार नाहीतच," मावशी म्हणाली. "तू मात्र त्या बोलण्यात राहू नकोस. आणि कधी रजेवर गेलीस तर नुसती जाऊ नकोस. जी कोण तुझ्या जागी येईल तिला हाताला धरून खोलीत ने, आणि सगळ्यांदेखत सांग की हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मी तेवढंच केलं नाही."

नवीने मान हलवली. डबा बंद केला, वापरलेली सुई नीट वेगळ्या डबीत टाकली. खाली सायकलींपाशी कुणीतरी तिला आत जाताना पाहिलं असावं, कारण तिथे दोघी-तिघी थांबल्या होत्या. नवी जिन्याकडे वळली तेवढ्यात त्यातल्या एकीने वर हाक मारली, टोचलं का मावशी, कशी टोचते ही?

मावशी उठून खिडकीशी आली. दंड ठणकत होता. खाली दोघी-तिघी तोंड वर करून उभ्या होत्या, आणि जिन्यात नवीची पावलं थांबली होती.

"माझ्यापेक्षा चांगली," ती म्हणाली. दम लागला, म्हणून थोडं थांबून, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने, तिने ते पुन्हा एकदा म्हटलं.